अर्ध्या गुणाची मानकरी

मैत्रिणींनो, घटक चाचणीचे पेपर तपासून वर्गात वाटले की पुढे काय होते, हे तुमच्यापैकी ज्या शिक्षिका आहेत त्यांना सांगायला नको. टेबलाभोवती मुलींचा घोळका जमतो आणि "बाई, इथे अर्धा गुण कमी दिलाय" हा गजर सुरू होतो. मी भाईंदरच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. घरचे आवरून, डबे भरून, शाळेत चार तास घेऊन परत घरी यायचे, असा माझा दिनक्रम. गेल्या महिन्यात असाच घोळका पांगल्यावर आठवीतली एक मुलगी मागे रेंगाळली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी. हळूच म्हणाली, "बाई, माझं उत्तर बरोबर आहे असं मला वाटतं."

घंटा झालेली, पुढच्या तासाची घाई. मी म्हटले, "अगं, तुला उगाच वाटतंय. आणि अर्ध्या गुणानं असं काय होणार आहे?"

तिने काही न बोलता पेपरची घडी घातली आणि ती निघून गेली.

रात्री जेवताना मी ही गंमत म्हणून सांगितली. आमचा मुलगा सातवीत आहे. त्याला मोटारींच्या शर्यतींचे भारी वेड. भाजीला नाक मुरडत तो म्हणाला, "आई, फॉर्म्युला वनमध्ये आजपर्यंत एकाच बाईला पॉइंट मिळालाय. तोही अर्धाच. पण पुस्तकात तिचं नाव आहे ना!"

अर्धा गुण, आणि तोही साऱ्या जगात एकीलाच? मला राहवेना. भांडी आवरून झाल्यावर मी त्या बाईची माहिती शोधायला बसले आणि रात्रीचे बारा कधी वाजले ते कळलेच नाही. तिचे नाव लेला लोंबार्दी. तिची हकिकत तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही म्हणाल, कुठल्या इटलीतली ती मोटार पळवणारी बाई, आणि तिचा आपल्याशी काय संबंध? जरा धीर धरा. संबंध आहे. तो माझ्या घरापर्यंत आणि माझ्या वर्गापर्यंत येऊन पोचला.

दुकानाची व्हॅन

लेलाचे पाळण्यातले नाव मारिया ग्राझिया. जन्म 26 मार्च 1941 चा, उत्तर इटलीतल्या फ्रुगारोलो नावाच्या लहानशा गावातला. वडिलांचे मांसविक्रीचे दुकान. मोटारींच्या शर्यती म्हणजे त्या काळी बड्या घरच्या मुलांचा शौक. गाडी विकत घ्या, टायर घ्या, मिस्त्री पदरी बाळगा, शिवाय गाडी आपटली की पुन्हा पहिल्यापासून खर्च. दुकानदाराच्या मुलीला हे परवडायचे कसे?

पण तिच्या हाती स्टिअरिंग आले ते शौक म्हणून नव्हे, तर काम म्हणून. दुकानाचा माल गिऱ्हाइकांकडे पोचवायची व्हॅन ती चालवत असे. आपल्याकडे दुकानदाराची मुलगी गल्ल्यावर बसते, तशी ही व्हॅनवर. वेग आणि वळण यांची गोडी तिला याच रस्त्यांवर लागली. 1965 च्या सुमारास ती लहान गाड्यांच्या शर्यतीत उतरली. मग एकेक पायरी चढत 1970 साली इटलीतल्या फॉर्म्युला 850 या गटाची ती विजेती ठरली. बायकांच्या वेगळ्या गटात नव्हे हं, सगळ्या पुरुषांना मागे टाकून.

1974 साली ती इंग्लंडला गेली आणि फॉर्म्युला 5000 या मोठ्या, दणकट गाड्यांच्या मालिकेत वर्षअखेरीस पहिल्या पाचांत आली. त्याच वर्षी ब्रिटिश ग्रां प्रीसाठी तिने प्रयत्न केला. तिच्या गाडीला पाठिंबा होता रेडिओ लक्झेंबर्गचा. हे केंद्र 208 मीटरवर लागायचे, म्हणून गाडीवर आकडाही 208 च घातलेला! पात्रता फेरीत मात्र ती थोडक्यात राहिली.

डोक्यावरचे टोपडे

इथे थोडे थांबून लेलाच्या आधीच्या एका बाईची ओळख करून द्यायला हवी. फॉर्म्युला वन ही जगज्जेतेपदाची मालिका सुरू झाली 1950 साली. एका माणसाची, उघड्या चाकांची, जमिनीला चिकटून धावणारी गाडी. या मालिकेत उतरलेली पहिली स्त्री म्हणजे नेपल्सची मारिया तेरेसा दे फिलिपिस. तिच्या भावांनी आपापसांत पैज लावली होती, की हिला काही गाडी जोरात चालवता यायची नाही. भावांचे हे बोलणे ऐकून ती ईर्ष्येने शर्यतीत उतरली, त्या वेळी ती बावीस वर्षांची होती. पुढे 1958 साली बेल्जियमच्या ग्रां प्रीत तिने दहावा क्रमांक मिळवला.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये मात्र तिला शर्यतीत घेतले नाही. तिथल्या शर्यतीच्या प्रमुखाने काय सांगितले असेल? बाईने डोक्यावर घालायचे टोपडे एकच, केस वाळवायच्या दुकानातले! ही आठवण तिनेच पुढे सांगितली आहे. 1959 साली तिच्या गटाचा प्रमुख ज्याँ बेहरा बर्लिनच्या शर्यतीत अपघाताने गेला आणि तिने शर्यती सोडल्या. पुढे लग्न केले, संसार केला. 2016 साली एकोणनव्वदाव्या वर्षी ती वारली.

तिच्यानंतर सतरा वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकही बाई सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली नाही. ती उभी राहिली 1975 च्या मार्चमध्ये, दक्षिण आफ्रिकेत. तीच आपली लेला. गाडी 'मार्च' या इंग्रजी कंपनीची, आणि पुढे पाठीशी इटलीतले लावात्झा कॉफीवाले. पहिल्या शर्यतीत तिची गाडी मध्येच बंद पडली. दुसऱ्या शर्यतीच्या वेळी ती स्पेनमध्ये होती.

त्या दिवशी ती चौतीस वर्षांची होती. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.

बार्सिलोनाचा तो रविवार

27 एप्रिल 1975. बार्सिलोना शहरातल्या मॉन्तजुइक टेकडीवरच्या बागेतले रस्ते शर्यतीसाठी बंद केले होते. रस्त्याच्या कडेला लोखंडी पत्र्याचे कठडे लावले होते. गाडी घसरली तर तिला अडवायचे आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसांना वाचवायचे, हे कठड्यांचे काम. चालकांनी जाऊन पाहिले तर अनेक ठिकाणी कठड्यांचे बोल्टच नीट आवळलेले नव्हते. चालक म्हणाले, आम्ही गाडी चालवणार नाही. मग गाड्यांच्या गटांतली माणसे स्वतः पाने घेऊन बोल्ट आवळत फिरली. आदल्या वर्षीचा जगज्जेता एमर्सन फिटिपाल्डी निषेध म्हणून सावकाश फेऱ्या मारून घरी निघून गेला. बाकीचे अखेर शर्यतीला तयार झाले. आयोजकांचा दबाव होता, करार होते, पैसा होता.

शर्यत 75 फेऱ्यांची होती. सुरुवातीपासूनच गाड्या एकमेकींवर आदळत होत्या, बंद पडत होत्या. लेलाने अगदी मागच्या रांगेतून सुरुवात केली होती. पुढचे गळत गेले तशी ती न घाबरता, न घसरता एकेक क्रमांक वर सरकत गेली. सव्विसाव्या फेरीला सर्वांत पुढे होता जर्मनीचा रोल्फ श्टोमेलेन. आणि त्याच्या गाडीचा मागचा पंख तुटला.

या पंखाचे काम काय, ते सांगते. विमानाचा पंख वाऱ्याच्या जोरावर विमानाला वर उचलतो. शर्यतीच्या गाडीला हाच पंख उलटा बसवलेला असतो, म्हणजे वारा गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. हवेने झाकण उडू नये म्हणून आपण वरवंटा ठेवतो ना, तसे. तो दाबच अचानक गेला तर भरधाव गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. श्टोमेलेनची गाडी कठड्यावर आदळली, पुढे जाऊन कठडा ओलांडून पलीकडे गेली. श्टोमेलेन जबर जखमी होऊन वाचला, पण पलीकडे उभी असलेली माणसे मेली.

29 व्या फेरीनंतर शर्यत थांबवली. जर्मनीचा योखेन मास पहिला, आणि लेला लोंबार्दी सहावी. त्या वेळी पहिल्या सहा क्रमांकांना 9, 6, 4, 3, 2 आणि 1 असे गुण मिळत. पण शर्यत अर्ध्यापर्यंतही गेली नव्हती, त्यामुळे सगळ्यांचेच गुण निम्मे केले. मासला नवाच्या जागी साडेचार. लेलाला एकाच्या जागी अर्धा.

हे मात्र नीट लक्षात घ्या. बाई म्हणून तिला अर्धा गुण दिला असे झाले नाही. निम्मे सगळ्यांचेच झाले. पण इतका मोठा मान मिळावा आणि त्याच दिवशी पलीकडे कितीतरी घरांत आकांत व्हावा, यापुढे पेढे कोण वाटणार? मॉन्तजुइकच्या त्या रस्त्यांवर पुन्हा कधीही फॉर्म्युला वनची शर्यत झाली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला लेला सातवी आली. तिथली एकेक फेरी जवळजवळ 23 किलोमीटरची, म्हणजे आपल्या भाईंदर स्टेशनापासून अंधेरीच्या थोडे पुढेपर्यंत, आणि तीही डोंगरातल्या वळणावळणांची. अशा चौदा फेऱ्या! त्या काळच्या गाड्यांना आपल्या घरच्या गाडीसारखे हलके स्टिअरिंग नव्हते. प्रत्येक वळणाला मनगट, खांदे आणि मान पिळून निघत. पण गुण सहाव्यापर्यंतच. सातव्याला काही नाही.

"गाडी नीट वळत नाही"

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

लेला सारखी तक्रार करत असे, की माझी गाडी वळणावर नीट वागत नाही, काहीतरी बिघडलेले आहे. गटातली तज्ज्ञ मंडळी ऐकून घेत आणि सोडून देत. बाईमाणूस आहे, ताकद कमी पडत असेल, चालवण्यातच काही चुकत असेल. 1976 ची पहिली शर्यत, ब्राझीलची, तिने याच गटाकडून केली आणि त्यानंतर तिची जागा दुसऱ्याला दिली. तो दुसरा म्हणजे स्वीडनचा रॉनी पीटरसन, त्या काळचा सर्वांत वेगवान म्हणून नावाजलेला चालक. तो तिच्या गाडीत बसला, फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, ही गाडी नीट वळत नाही, काहीतरी बिघडलेले आहे.

आता मात्र गाडी खोलली! पाहतात तो गाडीच्या मागच्या बाजूची, इंजिन आणि मागचा सांगाडा जिथे एकमेकांना धरून असतात तिथली मॅग्नेशियमची चौकट तडकलेली. दाराची चौकट तडकली तर दार कधी सरळ लागेल का? तसेच हे. ही हकिकत दुसऱ्या कोणी नाही, पुढे मार्चच्याच लोकांनी सांगितली आहे. म्हणजे बिचारी तडा गेलेली गाडी घेऊन जगातल्या निवडक चालकांशी झुंजत होती, आणि वर ऐकून घेत होती, की तुलाच जमत नाही.

हे वाचले आणि मैत्रिणींनो, माझ्या डोळ्यांसमोर आमची गाडी उभी राहिली.

गोल्डन नेस्टचा कट-कट आवाज

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी गाडी घेतली. मी क्लास लावून चालवायला शिकले. रविवारी पहाटे हे मला भाईंदर पश्चिमेला मिठागरांच्या बाजूच्या रस्त्यावर घेऊन जात. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि मागे बसलेली मुले खिदळायची. पण शिकले. मुलांना क्लासला सोडणे, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणे, महिन्याचे वाणसामान आणणे, हे सगळे माझ्याकडे आले.

गेल्या पावसाळ्यानंतर मला जाणवू लागले, की गोल्डन नेस्टच्या सर्कलला वळसा घालताना डाव्या पुढच्या चाकापाशी 'कट-कट-कट' असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर काही नाही, फक्त वळताना. मी यांना सांगितले. यांनी रविवारी गाडी सोसायटीच्या दारापर्यंत नेऊन आणली आणि म्हणाले, "काही नाही गं, तुला उगाच वाटतंय." सरळ नेली आणि सरळ आणली, आवाज येणार कुठून?

मी एकटीच गॅरेजमध्ये गेले. तिथला मिस्त्री चाकाला दोन लाथा मारून म्हणाला, "मॅडम, नवीन चालवणाऱ्यांना असे आवाज येतातच. बिनधास्त चालवा." मी बिनधास्त काही चालवली नाही. तीन आठवडे तो आवाज ऐकत, सासूबाई मागे बसलेल्या असताना देवाचे नाव घेत चालवत राहिले. वाईट कशाचे वाटते सांगू? तिसऱ्या आठवड्यात माझे मलाच वाटायला लागले, की खरंच आपल्याला भास होतोय की काय!

मग धाकटे दीर ठाण्याहून आले. घोडबंदरने येऊन दमले होते, तरी पोरांना आइस्क्रीम आणायला आमची गाडी घेऊन गेले. परत आल्या आल्या यांना म्हणाले, "दादा, डाव्या चाकात आवाज आहे. दाखवून घे." झाले! त्याच संध्याकाळी दोघे भाऊ गॅरेजमध्ये. त्याच मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक सांधा असतो. त्यावरचे रबरी आवरण फाटून आतले ग्रीस निघून गेले होते, माती शिरली होती आणि सांधा खिळखिळा झाला होता. मिस्त्री यांना म्हणाला, "साहेब, बरं झालं वेळेत आणलीत."

साहेब! वेळेत!

हे घरी आले तेव्हा मी पोळ्या लाटत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तू सांगत होतीस ते खरं होतं." मी म्हटले, "हो." एवढेच. भांडण नाही, काही नाही. पण पोळी मात्र त्या दिवशी एकही गोल झाली नाही.

यांना मी दोष देत नाही. सभ्य गृहस्थ आहेत आणि तेव्हापासून गाडीचे काही म्हटले की आधी माझे ऐकून घेतात. खरी गोष्ट अशी, की ही सवय हवेतच आहे. बाईने सांगितले की ते 'वाटणे' असते. तेच पुरुषाने सांगितले की 'माहिती' होते. अंग दुखतंय, गॅसचा वास येतोय, मुलगी गप्प गप्प आहे, हिशेबात काहीतरी चुकतंय, यांतले कितीतरी आपण आधी सांगितलेले असते आणि मग कोणीतरी दुसऱ्याने सांगितल्यावर घरात खरे ठरते. लेला लोंबार्दीला हे शर्यतीच्या वेगात भोगावे लागले, एवढाच फरक.

पुढे तिचे काय झाले

ती रडत बसली नाही. 1976 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात ती बारावी आली, ती तिची फॉर्म्युला वनमधली शेवटची शर्यत. एकूण बारा शर्यतींत ती सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली. मग ती सहा-सहा तास चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली. त्यांत दोन चालक आळीपाळीने गाडी चालवतात. 1979 साली पेर्गुसा आणि वालेलुंगा या दोन्ही ठिकाणच्या सहा तासांच्या शर्यती तिने जोडीदारासह जिंकल्या, 1981 साली मुजेलोची जिंकली. धड गाडी मिळाली की काय होते, ते तिने असे दाखवले. 1989 साली तिने स्वतःचा शर्यतींचा गट काढला. पण आयुष्याची दोरी आखूड होती. 3 मार्च 1992 रोजी कर्करोगाने ती गेली. एकावन्नावा वाढदिवस तेवीस दिवसांवर होता.

तिच्या त्या शेवटच्या शर्यतीनंतर आजवर एकाही बाईने फॉर्म्युला वनच्या शर्यतीत सुरुवात केलेली नाही. 1992 साली जोवान्ना अमाती या तिच्याच देशातल्या मुलीने तीनदा प्रयत्न केला, पण ती पात्र ठरली नाही. 2023 पासून मुलींसाठी एफ वन अकादमी नावाची वेगळी मालिका सुरू झाली आहे, खालच्या पायरीच्या गाड्यांची. पुढची लेला त्यातून येईल, अशी आशा करू या.

आणि आपल्याकडे? वेग बायकांच्या हाती शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांना आपल्या बायकांनी केव्हाच उत्तर दिले आहे. बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से हिने 2019 साली वाळवंट आणि खडकांतून धावणाऱ्या मोटरसायकल शर्यतींचा महिला विश्वचषक जिंकला. मोटारी-मोटरसायकलींच्या खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय, पुरुष धरून! साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी शर्यत केली नाही, पण रोज हजारोंचे जीव मागे घेऊन गाडी हाकली. 1989 साली त्या सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव घेतात. 2011 च्या महिलादिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, 2023 साली सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि 2025 च्या सप्टेंबरअखेर निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षे! बोरघाट ज्यांनी सांभाळला त्यांना वळणाचे काय सांगावे?

तक्रार कशी मांडावी

लेलाच्या गोष्टीतून आणि माझ्या फजितीतून मी एक धडा घेतला, तो गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींसाठी देते. गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. काही वेगळे जाणवले की घरी आल्यावर लगेच तारीख घालून लिहा: आवाज कुठून, कसला, सरळ जाताना की वळताना, किती वेगाला, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर. गॅरेजमध्ये "काहीतरी आवाज येतोय" असे न म्हणता वही वाचून दाखवा आणि मिस्त्रीला शेजारी बसवून तोच वळसा मारून आणा. आवाज त्याच्याही कानांना ऐकू आला पाहिजे.

काही खुणा लक्षात ठेवा. ब्रेक दाबल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर ब्रेकचे पॅड झिजले असण्याचा संभव असतो. गाडी आपोआप एका बाजूला ओढत असेल तर आधी चारही टायरची हवा तपासा, मग चाकांचे अलाइनमेंट. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. उड्डाणपुलाच्या चढावर रांगेत थांबून झाल्यावर जळका वास आला तर आपला पाय क्लचवर अर्धवट राहत नाही ना, ते पाहा. आणि पूर्ण वळसा घेताना कट-कट वाजले तर, आता तुम्हांला ठाऊकच आहे!

गॅरेजने नाही ऐकले तर दुसरे गॅरेज शोधा. दिरांची वाट पाहू नका.

राहिलेली गोष्ट

लेलाची हकिकत वाचून मी रात्री अंथरुणावर पडले, तेव्हा मनात काहीतरी टोचत होते. यांचे वाक्य आठवत होते, 'तुला उगाच वाटतंय.' आणि एकदम लक्षात आले, की हेच शब्द त्याच दिवशी सकाळी मी स्वतः बोलले होते. त्या आठवीतल्या मुलीला. पेपर हातात न घेता. तिच्या घडी घातलेल्या कागदाकडे न पाहता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला बोलावले आणि पेपर मागितला. ती घाबरली, म्हणाली, "बाई, राहू दे, मी सहज म्हटलं होतं." पाहा कसे असते! एकाच दिवसात तिलाही वाटू लागले होते, की आपलेच चुकले असेल.

मी उत्तर सावकाश वाचले. धड्यातल्या शब्दांत लिहिलेले नव्हते, स्वतःच्या शब्दांत लिहिलेले होते. घाईघाईत मी नेहमीचे शब्द शोधले, ते सापडले नाहीत आणि अर्धा गुण कापला. उत्तर पूर्ण बरोबर होते.

मी लाल पेनाने गुण वाढवला, खाली बेरीज दुरुस्त केली आणि सही केली. म्हटले, "तुझं बरोबर होतं. काल मी नीट पाहिलं नाही." तिने पेपर घेतला, दारापर्यंत गेली आणि परत येऊन विचारले, "बाई, पुढच्या वेळी पण सांगू का?"

"सांग," मी म्हटले. "आणि मी ऐकलं नाही, तर पुन्हा सांग."